काठीला तेल पाजू नका

मी स्वस्त काठ्या विकतो. डोंगर चढायच्या काठ्या. त्यांना हल्ली ट्रेकिंग पोल म्हणतात, पण माझ्या दुकानाच्या पाटीवर 'काठी' असंच लिहिलंय आणि ते तसंच राहणार. भिंगारच्या बाजारात येऊन 'काठीवाले मुनीरभाई' असं विचारलंत तर कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा बोट दाखवील. बोट दाखवताना तो एवढंही सांगेल, "स्वस्तातल्या हायेत, पण..." त्या 'पण'च्या पुढे तो काय बोलतो ते गिऱ्हाईक बघून ठरतं. कुणाला सांगतो टिकतात, कुणाला सांगतो बघून घ्या. गेली कित्येक वर्षं मी त्या 'पण'शी भांडतोय.

दुकान वडिलांचं. ते छत्र्या दुरुस्त करायचे आणि लष्करातल्या लोकांच्या किटबॅगा शिवायचे. पुढे लोक मोडकी छत्री फेकून नवी घेऊ लागले, किटबॅगा कारखान्यातून तयार येऊ लागल्या, तेव्हा मी दुकानात सॅक, दोरी, टॉर्च ठेवायला सुरुवात केली. मग काठ्या आणल्या. बायको म्हणाली, "काठी म्हातारे घेतात आणि म्हातारे डोंगर चढत नाहीत. मग घेणार कोण?" प्रश्न बिनतोड होता. मी काठ्या दारात टांगल्या.

काठी आतून कशी असते ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एकात एक बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या. वर मूठ आणि मनगटात अडकवायचा पट्टा, खाली कडक धातूचं टोक. नळी बाहेर ओढायची, पिळायची, की ती तिथं घट्ट बसते. का बसते? आतल्या नळीच्या टोकाला एक प्लास्टिकचा गट्टू असतो. पिळलं की तो फुगतो आणि बाहेरच्या नळीला आतून दाबून धरतो. बास, एवढंच. खिळा नाही, खाच नाही, माणसाचा सगळा भार त्या गट्टूच्या पकडीवर. महाग काठीला बाहेरून चिमटा असतो, तो सैल झाला की आंधळ्यालाही कळतं. माझ्या काठीची पकड आत असते, म्हणून तिच्याशी जरा समजून वागावं लागतं. गट्टू कोरडा आणि स्वच्छ हवा. नळीवर थांबायची खूण असते, ती ओलांडायची नाही. पावसातून आलात तर तिन्ही नळ्या सोडवून पुसून वाळवायच्या. आणि लोखंडी शिडी आली की काठी मिटून पाठीवर टाकायची, कारण शिडीच्या फटीत टोक अडकलं आणि तुम्ही तसेच पुढं निघालात तर कुणाचीही काठी जाते, मग ती साता समुद्रापलीकडून आलेली का असेना.

एवढं केलं तर माझी काठी हरिश्चंद्रगडाला जाते, रतनगडाला जाते आणि परत येते. एवढं न करता मात्र लोक इंटरनेटवर लिहितात, 'स्वस्त पोल घेऊ नका, दोन ट्रेकमध्ये निकामी.' ह्या लोकांपैकी एकानं तरी नळी उघडून आत पाहिलंय का, हे मला विचारायचंय.

आपल्याकडे काठी म्हटलं की लाठी आठवते, खरी अडचण इथूनच सुरू होते. दुकानात येणारा माणूस काठी हातात घेतो, आडवी करतो आणि गुडघ्यावर दाबून बघतो. "अहो, ती उभी सोसते, आडवी सोसत नाही," हे वाक्य मी नमाजाइतक्या नेमानं म्हणतो. एक निवृत्त सुभेदार आले होते. काठी हवेत दोनदा फिरवून म्हणाले, "हिनं कुत्रं हाणता येईल का?" मी म्हटलं, "साहेब, कुत्र्यासाठी वेताची घ्या, पलीकडच्या दुकानात मिळते." "मग ही कशाला?" "टेकायला." "टेकायची वेळ माझ्यावर आलेली नाही," असं म्हणून ते छाती काढून निघून गेले. पुढच्या हिवाळ्यात आले ते गुडघा धरून. मी काठी काढून दिली.

एका साखर कारखान्यातला कारकून वाकडी झालेली काठी घेऊन भांडायला आला होता. रतनगडावर वाकली म्हणाला. टोकाच्या वर जी गोल चकती असते तिच्यात चिंचेचा पाला अडकलेला. मी तो पाला काढून त्याच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "रतनगडावर चिंचा कुठं लागल्या?" तो हसला, मीही हसलो, नळी बदलून दिली. असल्या भांडणांची मला मजा वाटते.

एक टोमणा मात्र लागायचा. "चाचा, तुम्ही स्वतः कधी डोंगर चढलात का?" नव्हतो चढलो. लोक सुट्टीला डोंगरावर जातात, म्हणजे सुट्टीला माझं दुकान भरलेलं. कळसूबाई माझ्याच जिल्ह्यात. माझ्या काठ्या दर हंगामात तिथं जाऊन यायच्या, त्यांच्या टोकांना लागलेली माती मी खरवडायचो आणि कुठली माती आहे ते विचारत बसायचो. याचं मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे कुणाला कळू नये म्हणून मी जास्त जोरात बोलायचो.

आता घुलेबाईंची गोष्ट. बाई नगरच्या कर्जत तालुक्यातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुतेक नोकरी चौथीच्या वर्गावर गेली. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, हे त्यांनी आयुष्यभर पोरांकडून घोकून घेतलं. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमी पायलंय का?" बाई तिला म्हणाल्या, "गप बस." निवृत्त झाल्यावर ते 'गप बस' त्यांना टोचायला लागलं. कर्जत जिल्ह्याच्या ह्या टोकाला, कळसूबाई त्या टोकाला, पण जिल्हा तर एकच. बाईंनी ठरवलं की जायचं.

पावसाळ्यात त्या माझ्याकडे आल्या. मी दोन काठ्या काढल्या तर म्हणाल्या, "दोन हातांत दोन काठ्या म्हणजे चार पायांवर चालणं झालं. एकच द्या." मी सगळ्या सूचना दिल्या. त्यांनी त्या मला परत म्हणून दाखवल्या, चौथीतल्या मुलीसारख्या, एकही न चुकता. मग नवरात्र बसेपर्यंत गावामागच्या टेकडीवर रोज सराव केला. काठीनं कधी दगा दिला नाही.

दिवाळी झाली आणि नगरातल्या एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर बाई कळसूबाईला निघाल्या. दुसरी शिडी चढून झाल्यावर वाटेत एक खडक जरा खाली उतरून ओलांडावा लागतो. तिथं बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच काठीवर सगळा भार टाकला आणि काठी सर्रकन आत गेली. बाई उजव्या हातावर पडल्या, मनगट मोडलं. ग्रुपच्या पोरांनी त्यांना सांभाळून खाली आणलं. शिखर वरच राहिलं.

त्याच संध्याकाळी ग्रुपच्या लीडरनं, प्रसादनं, सगळ्यांना मेसेज टाकला की यापुढं स्वस्त लोकल पोल घेऊन येणाऱ्याला ट्रेकवर घेतलं जाणार नाही. माझं नाव त्यात नव्हतं. पण नगर-भिंगारमध्ये लोकल पोल म्हणजे कोण, हे काय सांगायला पाहिजे?

बाईंचं मला वाईट वाटलं, आणि मला रागही आला. विकण्याआधी प्रत्येक काठी उभी करून मी तिच्यावर माझा स्वतःचा भार टाकतो, आणि मी काही हलका माणूस नाही. जी काठी मला उचलते ती बाईंना टाकेल कशी? हा प्रश्न मी ज्याला त्याला विचारत सुटलो. लोक 'हो ना' म्हणायचे आणि विषय बदलायचे.

दोन-चार दिवसांनी बाईंचा मुलगा दत्ता मोटारसायकलवरून कर्जतहून आला. रांगडा, शेती करणारा गडी. आला तो काठी काउंटरवर आपटूनच बोलला.

"चाचा, ही घ्या तुमची काठी. खेळन्यातली हाय का खरी, तेवढं सांगा."

"आईंचा हात कसा आहे?"

"पिलॅस्टरात हाय. तुमी काठीचं बोला."

मी खालची नळी ओढून बाहेर काढली. बोटांना ओशट लागलं. बोट नाकाशी नेलं. करडई.

"दत्ताभाऊ, हिला तेल कुणी लावलं?"

"म्या," तो अभिमानानं म्हणाला. "खंडेनवमीला. कोयता, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, समद्याची पूजा केली, आईची काठीबी तिथंच ठिवली. आमच्या आज्याची काठी अजून घरात हाय. तेल पिऊन पिऊन लोखंडावानी झालीया. म्हनलं, आईची काठी कोरडी कशापायी ठिवायची? नळ्या सोडवल्या आन् आतून-भाईरून पाजलं. चांगलं वाटीभर."

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते हे मला नवीन नव्हतं. माझ्या वडिलांच्या शिलाई मशीनला शेजारचे लोक त्या दिवशी झेंडूची माळ घालून जायचे आणि वडील ती सुकून गळेपर्यंत काढायचे नाहीत. पण काठीच्या गट्टूला तेल पाजणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. आणि काठीला तेल पाजायचं हे दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाला सुचलंही नसतं.

मी दारातली नवी काठी काढली, पिळून घट्ट केली आणि दत्ताच्या हातात दिली. "दाबा." त्यानं सगळा जोर लावला, काठी हलली नाही. मग बाईंची काठी तशीच पिळून दिली. दाबली तशी ती मऊपणे आत गेली. त्यानं ती परत ओढली, परत पिळली, परत दाबली.

"लाकूड तेल पितं," मी म्हटलं. "ही पीत नाही. हिच्या आतली पकड कोरड्यावर चालते."

दत्ता स्टुलावर बसला. हातातली काठी त्यानं मांडीवर आडवी ठेवली. "मंग आईला म्याच पाडलं म्हना."

माझी काठी निर्दोष सुटली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मी म्हटलं, "तुम्ही मायेनं केलंत."

"मायेनं केलं म्हनून हाड जुळतं का, चाचा?" तो म्हणाला. मग काठी माझ्याकडं सरकवून म्हणाला, "आईला तुमीच सांगा. माज्यानं व्हनार न्हाई."

म्हणून मी कर्जतकडं गेलो. बाई ओसरीवर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. दत्ता मला सोडून गोठ्यात गेला, पण गोठा काही लांब नव्हता. मी आडवळणानं सुरुवात केली. काठी, पकड, कोरडेपणा. बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"तेलाचं ना? मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पडले तेव्हापासून. हात तोंडाशी आला आणि करडईचा वास आला. घरच्या घाण्याचं तेल, मला नाही ओळखू येणार?"

मला खरंच संताप आला. आजारी माणसासमोर आवाज चढवू नये हे कळत होतं तरी चढला. "बाई, तिकडं माझ्या काठीला बंदी झाली. लोक मला टाळतात. आणि तुम्ही सगळं माहीत असून गप्प बसलात?"

बाई आयुष्यभर पोरांना शुद्ध बोला म्हणत आल्या. पण मनातलं हललं की त्या स्वतः गावच्या बोलीवर येतात. "लेकराचं नाव कसं घिऊ, मुनीरभाई? त्यानं पूजा केली हुती."

माझ्या काठीची अब्रू एका बाजूला आणि पोरानं मायेनं पाजलेलं वाटीभर तेल दुसऱ्या बाजूला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही काठीवरच आळ येऊ दिला असता. पण हे मी तिथं कबूल केलं नाही, तोंड फुगवून बसलो.

बाई म्हणाल्या, "तुमच्या काठीचं नाव मी खाली आणलं. मीच वर न्हेणार. हीच काठी, हाच हात. आणि तुमीबी यायचं. विकता आन् चढत न्हाई, हे बरं न्हाई."

गोठ्यातून दत्ताचा आवाज आला, "आई, आता बास. डोंगराचं नाव काढू नगं."

"तू तेल पाजनं बास कर," बाई म्हणाल्या. "डोंगराचं मी बघते."

प्रसादला मी फोन केला, सगळं सांगितलं. तो वाईट मुलगा नाही. एवढी माणसं वर नेऊन सुखरूप खाली आणायची म्हणजे भीती वाटणारच. पण तो म्हणाला, "चाचा, कारण काही असो, पोल घसरला ना? तेल लागलं की घसरतो म्हणजे कमकुवतच."

"तेल लागलं की तुझी शिडीसुद्धा घसरेल," मी म्हटलं. "मग तिलाही बंदी घाल."

बाईंना त्यानं निरोप दिला की हात बरा झाल्यावर जरूर या, पण पोल चांगल्या कंपनीचा आणा. बाईंनी कळवलं की पोल हाच राहील. मग ग्रुपशिवाय जायचं ठरलं. मी काठी उघडून गट्टू साबणाच्या पाण्यात धुतला, नळ्यांमधून कापडाचा बोळा फिरवून फिरवून तेल काढलं, सगळं उन्हात वाळवलं. नवा गट्टू टाकणं सोपं होतं. पण बाईंनी बजावलं होतं, काहीही बदलायचं नाही. बदललं तर नाव वर गेलं असं म्हणता येणार नाही.

डॉक्टरांनी हो म्हटलं आणि ऊन तापायच्या आधी, मधल्या वारी, गर्दी नसताना आम्ही पायथ्याच्या बारी गावातून चढायला लागलो. बाई, दत्ता आणि मी. मी दोन काठ्या घेतल्या होत्या, चार पायांवर चालायची मला लाज नाही. पहिल्या चढावरच माझ्या छातीचा भाता झाला. वाटेत काकडी विकणारी बाई होती, तिनं मला बघून बसायला फळी दिली. घुलेबाई पुढं उभ्या राहून म्हणाल्या, "खूण ओलांडू नका, मुनीरभाई. जेवढी ताकद तेवढंच वाढवा." माझंच वाक्य मला ऐकवलं त्यांनी.

शिडी आली की आम्ही काठ्या मिटायचो, शिडी संपली की उघडायचो. दुसऱ्या शिडीनंतर तो खडक आला. दत्ता खाली उतरून दोन्ही हात पसरून उभा राहिला. बाईंनी काठी खाली टेकवली. ती जर पुन्हा आत गेली असती तर बाई पडल्या असत्या, आणि मी दुकानाला कुलूप लावलं असतं, हे मी आज लिहून देतो.

"हात काढ, दत्ता," बाई म्हणाल्या.

"आई..."

"काढ. तुज्या हातावर उतरले तर मला कसं कळनार?"

त्यानं हात मागं घेतले. बाईंनी बऱ्या झालेल्या उजव्या हातानं मूठ धरली आणि सगळा भार टाकला. काठी थरथरली, पण आत गेली नाही. बाई उतरल्या, मागं वळून मला म्हणाल्या, "या."

शिखरावर छोटं देऊळ आहे. बाईंनी हात जोडले, मीही मान लववली. मग बाई कड्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि वर्गात म्हणतात तसं मोठ्यानं म्हणाल्या, "महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई. जिल्हा..." इथं त्या अडखळल्या. जन्मभर घोकून घेतलेलं जिल्ह्याचं नाव आता बदललंय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जिल्हा आपलाच." समोर कोणी पोरं नव्हती. दत्ता तोंड फिरवून डोळे पुसत होता. माझेही डोळे भरले होते आणि मी ते वाऱ्यावर ढकललं.

उतरताना, शिडी सोडून जरा खाली आल्यावर, काठीचं टोक दोन दगडांत अडकलं आणि बाईंचा तोल बाजूला गेला. काठी आडवी पडली, मधली नळी वाकली. पण ती तुटली नाही, तेवढ्यात बाईंनी पाय टेकला आणि त्या उभ्याच राहिल्या. न वाकणाऱ्या माणसांचं आपल्याकडे फार कौतुक आहे. काठी मात्र मला वाकणारीच हवी, तुटणारी काठी टेकणाऱ्यालाही खाली घेऊन जाते.

बाईंनी बारीत उतरल्या-उतरल्या वाकड्या काठीसह स्वतःचा फोटो ग्रुपवर टाकला. प्रसादनं लगेच लिहिलं, 'काकू, पोल वाकलाय, हे धोकादायक आहे.' बाईंनी उत्तर दिलं, 'पोल वाकला. मी उभी आहे.' तेल कुणी पाजलं याबद्दल त्यांनी तेव्हाही एक अक्षर लिहिलं नाही. ते दत्तानं लिहिलं, खाली, आईच्या फोनवरून पण स्वतःच्या नावानं, 'तेल म्या लावलं हुतं. काठीचा दोष न्हाई.' बाईंनी ते सगळं मला पाठवलं. घरी वाचून मी फोन बायकोला दिला. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आता तरी झोप नीट."

बंदी उठली नाही. अजूनही त्या ग्रुपात माझी काठी चालत नाही. बाई चालतात, माझीच काठी घेऊन, आणि प्रसाद तिकडं बघत नाही. मला एवढं पुरे आहे. काठी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता एक सूचना जास्त देतो, आणि ती ऐकून पुण्याची पोरं माझ्याकडं वेड्यासारखं बघतात. बघू देत.

बाईंच्या काठीची मधली नळी मात्र मी बदललीच. एकदा वाकलेलं ॲल्युमिनियम दुसऱ्यांदा सोसत नाही, ह्यात मी कुणाचं ऐकत नाही, बाईंचंही नाही. त्या म्हणाल्या, "बरं. पण जुनी नळी मला परत द्या." मी दिली. काय करणार तिचं, ते विचारलं नाही.

ह्या खंडेनवमीला दत्ताचा फोन आला. "चाचा, काठी पूजेत मांडली हाय. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला."

"आणि तेल?" माझा आवाज आपोआप चढला.

"काठी कोरडी ठणठणीत हाय. शपथ." तो पुढं म्हणाला, "तेल त्या वाकड्या नळीला पाजलं. आईनं ती शेजारी मांडली आन् म्हनली, हिला पाज. पोटभर पाज."